गाडी नवी घ्यावी की सेकंडहँड? आधी व्याजाचा हिशोब, मग आरसीवरचं नाव

घरात गाडी घ्यायची ठरली की चर्चा बहुतेक दोनच गोष्टींवर होते: कोणती कंपनी आणि ॲव्हरेज किती. पोरगा मोबाईलवर फोटो दाखवतो, अब्बा पेट्रोलचा हिशोब करतात, शेजारचे चाचा म्हणतात, "जुनी घेऊ नका, गॅरेजवाल्याचं घर भराल." दुसरे म्हणतात, "नवी शोरूमबाहेर काढली की दहा हजार गेलेच समजा." दोघांच्या बोलण्यात थोडं-थोडं खरं आहे. पण आपल्या घरांसाठी ज्या दोन गोष्टी सर्वात महत्त्वाच्या आहेत, त्या या चर्चेत येतच नाहीत. पहिली, पैसे रोख द्यायचे की व्याजावर. दुसरी, कागदावर नाव कुणाचं.

व्याज हराम आहे हे इथे वेगळं सांगायला नको. तरीही वस्तीतल्या कितीतरी गाड्या फायनान्सवरच येतात. "मजबुरी आहे, कामाला जायचं तर गाडी लागतेच," हे वाक्य सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ही मजबुरी खरी किती आणि न केलेल्या हिशोबाची किती, हे पाहण्यासाठी कागद-पेन घेऊन बसू.

हिशोब मांडून पाहू

उदाहरण म्हणून शंभर सीसीची साधी गाडी घेऊ, जी कामगार, फेरीवाले आणि मौलाना सगळेच वापरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे शोरूमचा भाव उतरला आहे. शोरूमचा भाव ७५ हजार धरू. त्यावर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, विमा, नोंदणी, नंबर प्लेट असं सगळं धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंत ९२ हजार लागतील असं समजू. आकडे गावागणिक थोडे बदलतील, पण हिशोबाची पद्धत तीच राहील.

आता १७ हजार रोख भरून ७५ हजारांचं कर्ज काढलं. शोरूममधला फायनान्सवाला म्हणतो, "फक्त दहा टक्के, तीन वर्षं." हे दहा टक्के फ्लॅट असतात. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत असता, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ७५ हजारांवर लागतं. वर्षाला साडेसात हजार, तीन वर्षांचे साडेबावीस हजार. हप्ता साधारण २,७०० रुपये. बँकेच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर व्याज मोजलं, तर हाच दर जवळजवळ १८ टक्के होतो. सही करताना दहा ऐकलेलं असतं आणि भरणं अठराच्या भावाने चालू असतं. फाइल चार्ज आणि हप्ता चुकला तर दंड, हे वेगळं.

म्हणजे फायनान्सची नवी गाडी एकूण १ लाख १४ हजार ५०० रुपयांना पडली. तीन वर्षांनी ती विकली तर किती येतील? विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवायला एक ठरलेली घसारा पद्धत वापरतात. पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५० टक्के घट. हा मोजणीसाठी बरा आधार आहे, जरी बाजारात चालणाऱ्या गाडीला याहून थोडं जास्तच मिळतं. तीन वर्षांनी ३० टक्के घट धरली तर ५२,५०० रुपये येतील. म्हणजे तीन वर्षं गाडी वापरल्याचा खर्च ६२ हजार.

हीच गाडी रोखीने घेतली असती तर? ९२ हजार दिले, ५२,५०० परत आले. खर्च ३९,५००.

आता सेकंडहँड. पाच वर्षांची त्याच जातीची गाडी ४५ हजारांना मिळाली. टायर, चेन सॉकेट, बॅटरी, सर्व्हिसिंग, नावावर करणं आणि विमा यासाठी १२ हजार बाजूला ठेवले. झाले ५७ हजार. तीन वर्षांत गॅरेजचे आणि दरवर्षीच्या विम्याचे आणखी नऊ हजार धरू. तीन वर्षांनी ती आठ वर्षांची होईल, तेव्हा २८ हजार येतील असं समजू. खर्च झाला ३८ हजार.

तिन्ही आकडे शेजारी ठेवून पाहा. रोखीची नवी ३९,५००, जुनी ३८ हजार, फायनान्सची नवी ६२ हजार. रोखीत नव्या-जुन्यात फरक जवळजवळ नाहीच. फायनान्सच्या गाडीचा जो डोंगर दिसतो, तो पूर्ण साडेबावीस हजारांच्या व्याजाचा आहे. चाचांचं गॅरेज तुम्हाला लुटत नाही आणि शोरूमचा दरवाजाही लुटत नाही. तुम्हाला लुटतो तो हप्ता.

मग माझं मत असं की ज्याच्याकडे पूर्ण रोख आहे आणि जो गाडी आठ-दहा वर्षं वापरणार आहे, त्याने निर्धास्त नवी घ्यावी. ज्याच्याकडे पूर्ण रोख नाही, त्याने चांगली जुनी घ्यावी आणि जो २,७०० चा हप्ता भरण्याची मनाची तयारी झालीच होती, तो बाजूला टाकत राहावा. ३६ महिन्यांत ९७ हजारांच्या वर जमा होतात. म्हणजे तीन वर्षांनी तोच हप्ता नवी गाडी रोखीने आणून देतो आणि जुनी विकल्याचे २८ हजार वर उरतात.

पण हातात १७ हजारच असतील तर?

हा प्रश्न रास्त आहे. जुनीलाही ५७ हजार लागतात आणि सगळ्यांकडे ते नसतात. उरलेले ४० हजार कुठून आणायचे?

आपल्याकडे सर्वात जास्त चालते ती भिशी, काही ठिकाणी तिला बीसी म्हणतात. दहा-पंधरा जण मिळून दर महिन्याला ठरलेली रक्कम काढतात आणि ज्याचा नंबर लागेल त्याला सगळी रक्कम मिळते. पंधरा जणांनी २,७०० टाकले तर महिन्याला ४०,५०० होतात. ज्याला गरज आहे त्याला पहिला नंबर द्यायला मोहल्ल्यातले लोक बहुतेक वेळा तयार होतात, विचारावं मात्र लागतं. एक काळजी घ्या. बोलीची किंवा लिलावाची भिशी वेगळी. तिथे लवकर पैसे हवे असणारा कमी रक्कम घेतो आणि उरलेली इतरांत वाटली जाते. ते नाव बदललेलं व्याजच आहे, त्यापासून दूर राहा.

दुसरी वाट कर्ज-ए-हसनाची. जमातीचं बैतुलमाल, बिनव्याजी पतसंस्था, नात्यातला कुणी किंवा दुकानाचा मालक. अशा कर्जात लिखापढी टाळायची नाही. कुरआनमधली सर्वात लांब आयत नमाज-रोजाबद्दल नाही, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह अल्-बकराची २८२ वी. तरी "आपल्याच माणसात कशाला लिहायचं" म्हणून आपण गप्प बसतो आणि मग दोन वर्षांनी ईदला दोन घरांचं येणं-जाणं बंद होतं.

तिसरी वाट पुष्कळांना माहीत नसते. चाचा स्वतः गाडी ४५ हजारांना विकत घेतात, ती त्यांच्या ताब्यात येते आणि मग ते ती पुतण्याला ५० हजारांना दोन वर्षांच्या हप्त्यावर विकतात. याला मुराबहा म्हणतात. उधारीचा भाव रोखीपेक्षा जास्त असणं बहुसंख्य फकीहांच्या मते जायज आहे, पण अटींसह. चाचांनी गाडी खरोखर विकत घेतलेली असली पाहिजे, तिचा धोका काही काळ तरी त्यांच्यावर आला पाहिजे, भाव एकदाच ठरला पाहिजे आणि हप्ता उशिरा आला म्हणून तो वाढता कामा नये. शोरूममधल्या फायनान्सला हा नियम लागू करता येत नाही, कारण फायनान्स कंपनी गाडीची मालक कधीच नसते, ती पैसे उधार देते आणि पैशावर पैसे घेते. भारतातल्या बँकाही हे करू शकत नाहीत. बँकिंग नियमन कायदा १९४९ च्या कलम ८ नुसार बँकेला वस्तूंची खरेदी-विक्री करता येत नाही. इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने घेतल्याचंही २०१७ मध्ये समोर आलं. म्हणून ही वाट सध्या घरातल्या, ओळखीतल्या माणसांपुरतीच आहे. ती धरण्याआधी तुमच्या मस्जिदीच्या मुफ्तींना कागद दाखवून विचारून घ्या.

"शून्य टक्के व्याज" लिहिलेले बोर्डही शोरूममध्ये दिसतात. तिथे एकच प्रश्न विचारायचा: हीच गाडी रोख घेतली तर किती सोडाल? रोखीवर चार हजार सूट मिळत असेल आणि शून्य टक्केवाल्याला ती मिळत नसेल, वर फाइल चार्जही लागत असेल, तर शून्य कुठे राहिलं?

आणि बायकोचे दागिने. घरात पैसे कमी पडले की नजर तिकडेच जाते. मेहरचं सोनं तिचं आहे, तिने राजीखुशीने दिलं तर गोष्ट वेगळी. ते गहाण ठेवून त्यावर व्याज भरायचं असेल, तर शोरूमच्या फायनान्सपासून वाचून आपण काय मिळवलं?

कोणत्या सालची जुनी घ्यावी

जुनी म्हणजे कितीही जुनी नव्हे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या दुचाकींना १२५ सीसीपर्यंत दोन्ही चाकांचा जोड ब्रेक आणि त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. मागे बायको-पोरं बसवून गाडी चालवणाऱ्या माणसाने यापूर्वीची गाडी निव्वळ पाच-सात हजार वाचतात म्हणून घेऊ नये. त्यानंतर १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्या कार्ब्युरेटर सोडून इंजेक्शनवर गेल्या. खेड्यातल्या मिस्त्रीला कार्ब्युरेटर सोपा जातो हे खरं, पण आता तालुक्याच्या गावी इंजेक्शनचं काम करणारे मिळतात. म्हणून माझ्या मते २०२० नंतरची, पाच वर्षांच्या आसपासची गाडी सर्वात परवडते. पहिली मोठी घट आधीच्या मालकाने सोसलेली असते आणि पंधरा वर्षांच्या नोंदणीतली दहा अजून शिल्लक असतात. पंधरा वर्षं झाली की आरटीओत गाडी तपासून नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं आणि पर्यावरण कर भरावा लागतो. बारा-तेरा वर्षांची गाडी घेताना हे लक्षात राहत नाही.

भाव ठरवताना विकणारा त्याचं जुनं बिल दाखवतो. "मी ८२ हजाराला घेतली होती." ते बिल आता उपयोगाचं नाही, कारण जीएसटी कमी झाल्यावर करासह भावात साधारण पावणेआठ टक्के फरक पडला आहे. आजच्या शोरूमच्या भावापासून खाली मोजायला सुरुवात करा.

पाहायला जाताना

ओळखीचा मिस्त्री बरोबर न्या आणि त्याला दोन-तीनशे रुपये हातात द्या. त्याचा अर्धा दिवस आपण फुकट मागतो आणि मग तो पाच मिनिटांत "चांगली आहे" म्हणून मोकळा होतो.

सकाळी जा, आणि विकणाऱ्याला फोनवरच सांगा की गाडी आधी चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिनची अडचण लपवली जात असू शकते. चालू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळत आहे, म्हणजे पिस्टन-रिंगचं काम जवळ आलं. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ दिसते, तिला घाबरू नका.

मीटरवर विश्वास नको. मीटर बदलता येतो, पण फुटरेस्टचं रबर, ब्रेकचा पाय ठेवायचा पेडल, गिअरचं टोक, हँडलची ग्रिप यांची झीज कुणी बदलत बसत नाही. मीटर १८ हजार दाखवतंय आणि पेडल गुळगुळीत झालाय, तर काय समजायचं ते समजा. पुढच्या शॉकअपवर ऑइल उतरलंय का पाहा. मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ चालते की एका बाजूला ओढते हे पाहा. ओढत असेल तर कधीतरी जोरात आपटलेली आहे. चेन सॉकेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर ते बदलायचे पैसे भावातून कमी करा.

कोकणातल्या वाचकांसाठी दोन गोष्टी जास्तीच्या. रत्नागिरी, श्रीवर्धन, मुरूड अशा समुद्राकाठच्या गाड्या खाऱ्या हवेने आतून गंजतात. वरून पॉलिश केलेली दिसते, पण टाकीखाली, सीटखालच्या फ्रेमच्या जोडांवर आणि सायलेन्सरच्या खालच्या बाजूला टॉर्च मारून पाहा. दुसरी, पुरातली गाडी. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये हजारो वाहनं पाण्याखाली गेली होती, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरातही तेच झालं. त्यातल्या काही गाड्या धुऊन-पुसून आजही फिरत आहेत आणि हात बदलत आहेत. एअर फिल्टरच्या डब्यात, हेडलाइटच्या आत, वायरींच्या सॉकेटमध्ये वाळलेला बारीक गाळ सापडला, तर भाव कितीही कमी असो, परत या. अशा गाडीचा वायरिंगचा आजार संपत नाही.

नाव कुणाचं, हा खरा मुद्दा

इंजिन खराब निघालं तर पंधरा हजारांत सुटका होते. कागद खराब निघाला तर घर विकायची वेळ येऊ शकते.

आपल्याकडे व्यवहार कसा होतो? पैसे दिले, चावी घेतली, विकणाऱ्याने टीटी फॉर्मवर, म्हणजे फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून दिल्या, घेणाऱ्याने ते कपाटात ठेवले. "नंतर करू, आता आरटीओत कोण जातंय." वर्षाने तोच सही केलेला फॉर्म तिसऱ्याला जातो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं.

न कळवल्यास काय होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलं. एक वाहन विकलं गेलं, मग पुन्हा विकलं गेलं, असं अनेक हातांतून फिरलं आणि अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. न्यायालयाने म्हटलं, नोंदणीत ज्याचं नाव तोच कायद्याने मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. ज्याने ते वाहन अपघाताच्या खूप आधी विकलं होतं, त्याच्यावर हे ओझं आलं. म्हणून तुम्ही विकणारे असलात तर तुमची भीती घेणाऱ्यापेक्षा मोठी आहे. तुमच्या नावावरची गाडी कोण चालवतो, कुठे ठोकतो, कशात वापरतो, तुम्हाला पत्ता नसतो. आजच्या दिवसांत पोलीस नंबरावरून दार ठोठावतात तेव्हा दार तुमचं असतं. आपल्या वस्त्यांत हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

विम्याचंही तसंच. गाडी नावावर झाली की कलम १५७ नुसार थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आला असं धरलं जातं, पण १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचं असतं. तसं केलं नाही तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो. विम्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत हे माहीत आहे. पण थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि अनेक उलेमा सक्तीच्या विम्याची गरज म्हणून मुभा देतात. शिवाय त्याचे पैसे आपल्याला मिळत नाहीत, आपल्या गाडीखाली आलेल्याला मिळतात. २०२२ च्या दरपत्रकात ७५ ते १५० सीसीच्या गाडीला वर्षाला ७१४ रुपये अधिक कर एवढाच हप्ता होता. एवढ्यासाठी कुणाच्या यतीम मुलांचा हक्क बुडू देऊ नये. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सोबतच येतो. पाच वर्षांची जुनी गाडी घेता तेव्हा तो नेमका संपत आलेला किंवा संपलेला असतो, तारीख पाहूनच गाडीवर बसा.

आरसी पाहताना फायनान्सचा बोजा आहे का ते पाहा. विकणारा म्हणेल कर्ज फिटलं. फिटलं असेल तर फायनान्स कंपनीचं एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरून बोजा उतरवून घ्यावा लागतो, आणि तो त्याने उतरवल्यानंतरच पैसे द्या. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, बोजा असं बरंच काही दिसतं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. चेसिसच्या पंचिंगवर घासल्याची खूण असेल तर तिथूनच सलाम करून निघा. थकलेली ई-चलनं आधी भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या नोंदणीची गाडी असेल तर हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवलेली आहे का पाहा. गोव्याची जीए किंवा कर्नाटकची केए पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिथल्या आरटीओचं फॉर्म २८ चं ना हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स लागतो. तो धरला की स्वस्ताई संपते. डीलरकडून घेत असाल तर तो आरटीओचा अधिकृत आहे का विचारा. एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या डीलरांना असं प्राधिकारपत्र लागतं आणि गाडी त्यांच्या ताब्यात असताना तिची जबाबदारी त्यांची असते.

मयत माणसाची गाडी

हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त आहे. अब्बांचा इंतकाल होतो, गाडी अंगणात उभी असते आणि चाळिसाव्याच्या आत मोठा भाऊ ती विकून टाकतो. शरीयतप्रमाणे ती गाडी तरका आहे. तिच्यात अम्मीचा हिस्सा आहे, सगळ्या भावांचा आहे आणि सासरी गेलेल्या बहिणींचाही आहे. एका भावाला ती एकट्याने विकता येत नाही. कायद्यातही वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं, तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर घ्यायची आणि मग विकायची, असा क्रम आहे. मयताच्या नावच्या जुन्या सह्या दाखवून कुणी गाडी विकत असेल तर घेऊ नका. वारसांचं संमतीपत्र मागा आणि त्यात बहिणींची सही आहे का ते नक्की पाहा. गाडी ४० हजारांची असली तरी बहिणीचा हक्क हक्कच असतो.

लग्नातल्या गाडीचाही इथेच उल्लेख करतो. मुलीचा बाप फायनान्सवर नवी गाडी काढतो, गाडी जावयाच्या दारात जाते आणि हप्ते बापाच्या खात्यातून जातात. हुंडा १९६१ पासून कायद्याने गुन्हा आहे आणि दीनमध्ये त्याला कधीच जागा नव्हती. त्यात व्याजही मिसळलं. निकाहच्या बोलणीत हा विषय निघाला तर तिथे बसलेल्या वडीलधाऱ्यांनी तोंड उघडावं.

आणि मुलगा अठराचा नसेल तर नवी-जुनी हा प्रश्नच नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९ अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. "फक्त मदरशापर्यंत जातो," हे कारण पोलीस ठाण्यात चालत नाही.

तुम्ही विकणारे असाल तर

जुन्या गाडीचा बाजार बिघडला तो एकट्या दलालांमुळे नाही. आपणही गाडी धुऊन, जाड ऑइल घालून, इंजिनचा आवाज दाबून विकतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतलं धान्य ओलं लागलं आणि त्यांनी त्या विक्रेत्याला ओला भाग वर का ठेवला नाहीस असं विचारलं, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. गाडीतला ओला भाग म्हणजे बदललेलं मीटर, वाकलेला चेसिस, पुराचं पाणी. दोष लपवून विकला आणि तो नंतर निघाला तर फिकहमध्ये घेणाऱ्याला माल परत करायचा हक्क आहे.

म्हणून एक साधा कागद करा. त्यावर दोघांची नावं, आधारचे शेवटचे चार अंक, गाडी, चेसिस आणि इंजिन नंबर, रक्कम, माहीत असलेले दोष आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख व वेळ लिहा. मिनिटांसह वेळ, कारण त्याच संध्याकाळी सिग्नलवर कॅमेऱ्याने फोटो काढला तर चलन कुणाचं हे त्यावरून ठरतं. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, पैसे शक्यतो खात्यावर घ्या. गाडी नावावर करण्याचा अर्ज त्याच दिवशी ऑनलाइन भरा, पावतीचा फोटो दोघांच्या मोबाईलमध्ये असू द्या. काही हजार रुपये बाकी ठेवून, नवीन नावाची आरसी दिसल्यावरच ते द्यायचे, अशी अट घेणाऱ्याने घातली तर विकणाऱ्याने राग मानू नये. आणि विकणाऱ्याने दोन आठवड्यांनी ॲपवर आपला जुना नंबर टाकून मालकाचं नाव बदललं का ते पाहावं. नसेल बदललं तर घेणाऱ्याला फोन करावा, तोही नाही उचलला तर फॉर्म २९ ची आपल्याकडची प्रत घेऊन थेट आरटीओ गाठावं.